बावीस सुपाऱ्या

मधलापाडा, कोपर, डोंबिवली (प.)
रविवार, २ मार्च २०२५

धाकूकाका, नमस्कार.

परवा फोन लावला होता. तुम्ही तीनदा ‘कोण?’ विचारलंत आणि ठेवलात. माझं काही ऐकू गेलं नसणार हे ठाऊक होतं, तरी लावला. तेव्हा पत्रच बरं. लहानपणी दम्यामुळे मला शाळेत घालता येत नव्हतं, तेव्हा तुम्हीच ही सवय लावलीत. रोज ओट्यावर धडे, आणि रविवारी एक पत्र, ओट्यावरून माजघरात. उत्तर मात्र तुम्ही पोस्टानं पाठवायचात.

मला अकरावीला रोम शिकवायचं आहे, प्रजासत्ताक जाऊन सम्राट कसे आले ते. (कल्याणच्या कॉलेजात अजून तासिकेवरच आहे. कायम होण्याचं विचारू नका.) कॉन्सल समजावताना मी आपल्या गावकीचं उदाहरण दिलं. सांगितलं, आमच्या पाड्यात देवीच्या जत्रेचा मान दरवर्षी दोन घरांना मिळायचा. देवळाला दोन कुलपं, एकेकाकडे एकेक किल्ली, म्हणजे एकट्याला दार उघडता येत नाही. सलग दोन वर्षं कुणाला मान नाही. आणि वर्षं ओळखली जायची ती त्या जोडीच्या नावानं. मी जन्मले ते हाशा-नागोचं वर्ष. रोममध्येही तसंच होतं: दोन कॉन्सल, एक वर्ष, आणि वर्षाला त्यांचीच नावं. मुलं पहिल्यांदा वर बघायला लागली. विनीत म्हणून एक आहे, तो म्हणाला, “मॅडम, मग आता तुमच्याकडे कोणती जोडी?” मी सांगितलं, गेली अठरा वर्षं ‘परशुराम आणि दादा’ ही जोडी आहे, आणि ती एकच व्यक्ती आहे. वर्ग हसला. सीझरचंच नाव आणि आडनाव ही त्या वर्षीची जोडी, असा हाच विनोद रोममधल्या टवाळांनी केला होता, हे मला नंतर सुचलं. पण घरी येईपर्यंत एकच विचार. कुणी दादांना जाऊन सांगितलं तर?

कारण दुसरी बातमी अशी की गावकीची वही आता माझ्याकडे आहे. तुमच्यामागे ती लिहिणारे पदूआजा गेल्यावर परशुरामदादा स्वतः घरी आले. “बाय, तुजा काका लिवायचा, आता तू लिव.” आई गेल्यापासून गावातलं कुणी आपल्या घरात टेकलं नव्हतं. मला नाही म्हणता आलं नाही.

२३ तारखेला बैठक आहे. दादा बहात्तरचे झाले, मान परत देणार आहेत म्हणे. सगळे म्हणतात, देणार आणि लोक परत घ्यायला लावणार. पुतण्याला, हर्षितला, यंदापासून पालखीपुढे चालवणार आहेत.

दोन प्रश्न आहेत. करिश्मानं विचारलंय, प्रजासत्ताक कोणत्या तारखेला संपलं? एका मार्काला येतं. मी ‘उद्या सांगते’ म्हणून चार दिवस झाले. दुसरा, वहीतली डावीकडची पानं आत दुमडून कोपऱ्याला दोऱ्यानं शिवली आहेत. बांधणाऱ्याची चूक दिसते. जपून उसवते आहे, तुमची हरकत नसावी.

१६ तारखेच्या रविवारी येऊ का? डोंबिवलीहून कोपरी काही लांब नाही.

तुमची
संचिता


कोपरी, ठाणे (पू.)
शनिवार, ८ मार्च २०२५

चि. संचिता,

करिश्माला सांग, तारीख नाही. परीक्षकाला एखादी लागतेच, म्हणून इ. स. पूर्व २७ लिहायला लाव आणि मार्क पदरात पाडून घे. पण त्या वर्षी घडलं काय? सीझरचा वारस ऑक्टेव्हियन सिनेटपुढे उभा राहिला आणि म्हणाला, लढाया संपल्या, माझे सगळे अधिकार परत घ्या, मला मोकळं करा. सिनेटनं हातापाया पडून त्याला थांबवलं आणि वर ‘ऑगस्टस’ हे नाव दिलं. म्हणजे पुस्तकात ज्या दिवशी प्रजासत्ताक संपलं, त्या दिवशी रोममध्ये ते परत मिळाल्याचा आनंद चालला होता.

त्यानं राजा म्हणवून घेतलं नाही. पुढे लोकांनी हुकूमशहा हो म्हणून आग्रह केला, तेव्हाही नको म्हणाला. कॉन्सल दरवर्षी निवडले जात राहिले, सिनेट भरत राहिली. फक्त जे अधिकार पूर्वी दहा माणसांकडे वाटलेले असत ते एकेक करून त्याच्याकडे आले, आणि प्रत्येक वेळी रीतसर ठराव होऊन आले.

मुलं विचारतील, लोकांना कळलं नाही का? कळलं. पण त्याआधी जवळजवळ शंभर वर्षं रोमन माणूस रोमन माणसाला मारत होता. याद्या लावून माणसं मारली होती. ज्याचा बाप एका भांडणात गेला आणि भाऊ दुसऱ्यात, त्याला कॉन्सल एक की दोन याचं काय? त्याला दाराला कडी न लावता झोपायचं होतं. हे त्यांना नीट सांग. भित्रे होते म्हणून सोडून देऊ नकोस. दमलेल्या माणसांना भित्रं म्हणणं सोपं असतं.

वहीचे टाके उसवू नकोस. कागद जुना आहे, फाटेल. राहू दे तसंच.

बैठकीत जे होईल ते लिही. लिहिणाऱ्यानं बोलू नये.

रविवारी येऊ नकोस, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं आहे.

तुझा
धाकूकाका


मधलापाडा, कोपर
सोमवार, २४ मार्च २०२५

धाकूकाका,

तुमचं पत्र आलं तोपर्यंत सन दोन हजारपर्यंतचे टाके उसवून झाले होते. पुढचे तुमच्या सांगण्याप्रमाणे तसेच ठेवलेत. पण जेवढं वाचलं त्याचा फार उपयोग झाला. उजव्या पानावर निकाल आणि आकडा, डाव्या पानावर प्रत्येक घराचं नाव आणि त्या घरानं मताची सुपारी कुठल्या थाळीत ठेवली ते. किती चोख! २००७पासून मात्र दरवर्षी एकच ओळ, ‘सर्वानुमते ठरले’. सुपाऱ्याच बंद. २००७ साली तुम्ही दादांशी भांडून गाव का सोडलंत ते मला वही बघून कळलं. आई नेहमी म्हणायची, तुझ्या काकाला खोटं सोसत नाही.

काल सभामंडप भरला होता. दादांनी दोन्ही किल्ल्या देवीच्या पायरीवर ठेवल्या.

“माजा झाला. आता जोडी निवडा, मना घरान बसू द्या.”

एकदम गलका. सखुबाई तर रडायलाच लागली. तिचा विकी मागून ओरडला, “दादा नाय तर पालखीच नाय!” कुणीतरी म्हणालं, “अरे चला, सर्वानुमते लिवा नि जेवाला बसा, मटन निवतंय.”

काका, तुम्ही म्हणाला होतात बोलू नकोस. मी बोलले. म्हटलं, “वहीत सुपारी ठेवायची पद्धत आहे. दादा मान परत देताहेत तर पद्धतीनं व्हावं.” सगळे माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता संपलं. पण दादा हसले. “बाय बोलते तं ठेवा सुपाऱ्या. कागुद खरा पायजे.”

मग जुन्या रीतीनं एकेक घर गाभाऱ्यात आलं. दोन थाळ्या, एक दादांची, एक नव्या जोडीची. आत मी आणि देवी. त्रेचाळीस घरांपैकी छत्तीस दादांच्या थाळीत, सात दुसरीत. म्हातारी रखमाबाई आली ती कुठे ठेवायची ठरवूनच. दुसऱ्या थाळीत ठेवली आणि माझ्याकडे न बघता गेली.

मी तीनदा मोजलं. मग जुन्या पानांसारखं सगळं लिहिलं, उजवीकडे आकडा, डावीकडे नावं. कुणाला शंका नको म्हणून दोन्ही पानांचा फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकला. अजून कुणी काही लिहिलेलं नाही. दादांनी फक्त जोडलेले हात पाठवलेत.

काका, मला वाटतं मी पहिल्यांदा काहीतरी नीट केलं. तुम्हाला आवडेल असं.

तुमची
संचिता


कोपरी
गुरुवार, २७ मार्च २०२५

संचिता,

तो फोटो काढून टाक. हे पत्र हातात पडल्याबरोबर.

आकडा चौकात, नावं वहीत. ही रीत होती. नावांचं पान त्याच दिवशी दुमडून शिवायचं, आणि लिहिणाऱ्यानं ते मरेपर्यंत कुणाला सांगायचं नाही. म्हणून तर थाळ्या गाभाऱ्यात, आणि म्हणून तो दोरा. तो बांधणाऱ्याच्या चुकीचा नव्हता. मी तुला हे तेव्हाच लिहायला हवं होतं. कागद फाटेल असं लिहिलं. चूक माझी आहे, तुझी नाही.

रोमनांनाही हे कळलं होतं. त्यांनी फार आधी मत उघड देणं बंद करून पाटीवर लिहून पेटीत टाकायला सुरुवात केली होती. पुढे ऑगस्टसनंतरच्या सम्राटाच्या, टायबेरियसच्या काळात सिनेटमध्ये सगळं त्याच्या तोंडावर बोलायची वेळ आली, तेव्हा एका सदस्यानं त्याला विचारलं, महाराज, तुम्ही मत आधी देणार की नंतर? आधी दिलंत तर मला मागोमाग जाता येईल. शेवटी दिलंत तर चुकून माझं वेगळं पडायचं. लोक हसण्यासारखी गोष्ट म्हणून सांगतात. मला त्यात हसू येत नाही.

गावात काय झालं ते कळव.

धाकूकाका


मधलापाडा, कोपर
रविवार, ६ एप्रिल २०२५

धाकूकाका,

फोटो काढून टाकला. पण तोवर पाच दिवस झाले होते.

गावात काही झालं नाही. म्हणजे कुणी कुणाला काही बोललं नाही. रखमाबाईच्या नातीची, निशाची, १९ तारखेला हळद आहे. धवलारणीनं निरोप पाठवला की त्या दिवशी दुसरीकडची सुपारी घेतली आहे. धवल्याची गाणी म्हणायला ती नाही तर हळद लागणार कशी? मग भांडीवाल्याचा निरोप आला. मग ज्या बायका तांदूळ निवडायला येणार होत्या त्यांच्यातल्या एकीचं डोकं दुखतंय, एकीचा जावई यायचाय. बाकी सहा घरांचंही असंच, लहानसहान. एकाला गाडी लावायला जागा नाही, एकाच्या दारचा नैवेद्य विसरला.

रखमाबाई मंगळवारी आली. दारातच उभी.

“माजा नाव कोनी इचारला व्हता तुना?”

“आजी, खरं तेच लिहिलं मी.”

“खरा हाय म्हनूनच तं मेले मी! खोटा असता तं भांडले असते.”

मी आत या म्हटलं. आली नाही.

मी दादांकडे गेले. ते झोपाळ्यावर कैरी कापत होते. म्हणाले, “देवीची आन, मी कोनाला कायच बोललो नाय, बाय. लोकांचा लोकच करतान.” काका, मला वाटतं ते खरं बोलत होते. कुणाला सांगावंच लागलं नाही. प्रत्येकानं आपापलं ओळखलं की दादांना काय आवडेल.

मग दादांनी उपाय सांगितला. पान बदल, सर्वानुमते लिही, ती सात घरंपण विसरतील, गावपण विसरेल. दुसऱ्या दिवशी ती सात घरं मिळून माझ्याकडे आली. मला वाटलं, ते तरी म्हणतील, राहू दे. त्यांनीही तेच मागितलं. सर्वानुमते लिही म्हणून हात जोडले.

मला काय करावं कळेना. अशा वेळी तुम्ही काय केलंत ते बघावं म्हणून २००७च्या पानाचा टाका उसवला. तुम्ही नको म्हटलं होतं. माफी मागत नाही, कारण का नको म्हटलं होतंत ते आता कळलं.

म्हणजे त्या वर्षीही सुपाऱ्या ठेवल्या गेल्या होत्या. एकेचाळीस घरं. परशुरामदादांच्या थाळीत एकोणीस. नव्या जोडीच्या थाळीत बावीस. आपल्या घराची सुपारी बावीसमध्ये, ठेवणाऱ्याचं नाव तुमचं. आणि उजव्या पानावर तुमच्याच अक्षरात, ‘सर्वानुमते ठरले’.

मी चार वेळा मोजलं.

संचिता


कोपरी
शनिवार, १२ एप्रिल २०२५

चि. संचिता,

तू बरोबर मोजलंस. बावीस.

त्याच्या आधीची दोन वर्षं तुला नीट आठवत नसतील. पालखी कुठल्या आळीतून आधी न्यायची यावरून जोडीतले दोघे भांडले, मग त्यांची भावकी, मग सगळा पाडा. दुसऱ्या वर्षी कोयते निघाले. तुझ्या बाबांच्या डोक्याला अकरा टाके पडले. पोलिसांनी पालखी नेऊन चौकीत ठेवली. परशुरामानं दोन्हीकडच्यांना एका ताटावर बसवलं आणि पालखी सोडवून आणली. ते त्यानं खरंच केलं. तेव्हा ठरलं की एक वर्ष, फक्त एक वर्ष, दोन्ही किल्ल्या त्याच्याकडे द्याव्यात का, हे सुपाऱ्यांवर ठरवू.

मी गाभाऱ्यात मोजत होतो. बाहेर त्याची पोरं उभी होती आणि समोर दुसऱ्या बाजूची. एकोणीस आणि बावीस. मी विचार केला, हा आकडा घेऊन बाहेर गेलो तर उद्या सकाळी कुणाच्या घरी प्रेत असेल? तुझ्या बाबांचे टाके माझ्या डोळ्यांपुढे होते. मी बाहेर आलो आणि म्हणालो, सर्वानुमते. मला कुणी सांगितलं नव्हतं. परशुरामानंही नाही. त्याला आजही माहीत नाही. तो अठरा वर्षं समजतो की सगळ्या गावानं त्याला मागितलं.

ज्यांनी दुसरीकडे ठेवली होती ते माझ्या तोंडाकडे बघत होते. कुणी उठून बोललं नाही. प्रत्येकाला वाटलं असणार की आपल्यासारखे दोन-चार असतील, मास्तरनं गावाच्या भल्यासाठी सोडून दिले.

पुढल्या वर्षी बैठकीला येऊन खरं सांगेन असं ठरवलं होतं. पुढल्या वर्षी सुपाऱ्याच आणल्या नाहीत. मी भांडून गेलो नाही, संचिता. मला त्या मंडपात बसवेना म्हणून गेलो. तुझी आई ‘खोटं सोसत नाही’ म्हणायची, ते मी खोडून काढलं नाही. तू येते म्हटलंस की डोळ्यांचा डॉक्टर काढायचो.

एक मागतो. मी आहे तोवर ते पान शिवून ठेव. मला इथे कुणी ओळखत नाही, गावात तेवढं नाव उरलं आहे.

धाकूकाका


मधलापाडा, कोपर
सोमवार, २१ एप्रिल २०२५

धाकूकाका,

तुमचं पत्र मी कपाटात, साड्यांच्या खाली ठेवलं. घरात कुणी येत नाही तरी.

शनिवारी निशाची हळद झाली. मी पाचला गेले. तीनशे खुर्च्या आणि आम्ही अकरा माणसं. बँजोवाला आला होता, त्यानं दोन गाणी वाजवली आणि वाजवायचं थांबवलं. निशा चौरंगावर बसून मोबाइलकडे बघत होती. रखमाबाई स्वतः धवला म्हणायला लागली, पण तिला दुसरं कडवं आठवेना. मी तिच्या शेजारी बसले होते. मला एकही येत नाही.

साडेसहाला परशुरामदादा आले. एकटे. निशाच्या गालाला हळद लावली आणि पुढच्या खुर्चीत बसले. अर्ध्या तासात मांडव भरला. धवलारीण धापा टाकत आली, “तिकडची तारीख सुटली गो बाय!” भांडी आली, माणसं आली, सखुबाई नाचली. रखमाबाई दादांच्या पाया पडली. ती त्यांच्यापेक्षा चार वर्षांनी मोठी आहे.

हे चांगलं झालं की वाईट हे मला सांगता येत नाही. निशा हसली, ते चांगलं झालं.

मी पान बदललेलं नाही. बदलणार नाही. नावांचं पान दुमडून शिवलं, आकडा तसाच ठेवला. दादांनी २७ तारखेला बैठक बोलावली आहे, पान दुरुस्त करायला.

तुम्ही या.

नावं कुणाचीच सांगू नका. नुसता आकडा सांगा. बावीस घरांतला प्रत्येक जण अठरा वर्षं धरून चाललाय की आपण एकटेच होतो. तुम्ही त्यांच्यातलेच एक आहात आणि आकडा माहीत असूनही कोपरीत एकटे बसलात. मी तुमचं पान तुमच्या परवानगीशिवाय उघडं करणार नाही. एक चूक केली तेवढी पुरे. पण तुम्ही म्हटलंत तसं ते शिवून ठेवून मला इथे राहता येईल असं वाटत नाही.

दहापासून स्टेशनबाहेर उभी राहीन.

संचिता


कोपरी
मंगळवार, २९ एप्रिल २०२५

चि. संचिता,

दोन दिवस झाले, अजून छाती हलकी वाटते.

तुझ्याशी धड बोलणं झालं नाही. परशुरामानं हर्षितला सांगून मला गाडीतून थेट घरापर्यंत पोचवलं, तू मागे राहिलीस. म्हणून लिहितो.

बोलताना माझा आवाज कसा लागला कुणास ठाऊक, मला स्वतःलाही नीट ऐकू येत नव्हता. पण ‘बावीस’ म्हणालो तेव्हा सगळे गप्प झालेले दिसले. मग परशुराम उठला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, ते मी जवळून पाहिलं. त्यानं मला मिठी मारली, शाल घातली. तो लोकांशी बोलत होता आणि लोक टाळ्या वाजवत होते. उभं राहून, संचिता! ज्यांच्या तोंडाकडे मी त्या दिवशी बघू शकलो नव्हतो तेही. मला वाटलं होतं, दगड मारतील.

अठरा वर्षांनी गावात जेवलो. मटण तिखट होतं.

मुलांना सांग, गेलेलं कधी कधी परतही येतं. पुढच्या शिमग्यानंतर जोडी निवडाल तेव्हा मला बोलवा. मी येईन, कोपऱ्यात बसेन.

तुझा
धाकूकाका


मधलापाडा, कोपर
रविवार, ४ मे २०२५

धाकूकाका,

तुमचं पत्र गुरुवारी आलं. चार दिवसांत तीनदा उत्तर लिहायला बसले. एकदा तर लिहूनही झालं होतं, ‘हो काका, सगळ्यांना पटलं, सगळे खूश आहेत’. एवढंच. एक ओळ. ती लिहायला किती सोपी होती आणि लिहिल्यावर मला किती बरं वाटलं, हे बघून मी पेन खाली ठेवलं. तुमच्यावरचा माझा राग तिथे गेला. मग तो कागद फाडला.

तुम्हाला ऐकू आलं नाही, म्हणून काय बोललं गेलं ते लिहिते. बैठकीचं लिहितात तसंच.

तुम्ही बावीस म्हणालात तेव्हा मागे कुणीतरी “आयला” म्हणालं. परशुरामदादांचा चेहरा पडला. ते खरं होतं, मीही पाहिलं. वीसेक सेकंद ते जमिनीकडे बघत होते. त्या वीस सेकंदांत मला वाटलं, आता काहीही होऊ शकेल. मग ते उठले आणि त्यांनी तुम्हाला मिठी मारली. लोकांना म्हणाले,

“ऐकलाव? मास्तरान तवा आकडा खरा सांगला असता, तं आज ह्यातली अर्धी मानसा नसती. मास्तरान गाव वाचवला! मी नाय वाचवला, मास्तरान वाचवला!”

पहिल्या टाळ्या तेव्हा. तुमच्यासाठीच होत्या, पण खरं सांगितल्याबद्दल नव्हत्या.

मग ते म्हणाले, “आकड्यान डोकी फुटतान. रखमाबाईचा काय झाला ते बघलाव ना? तिचे नातीचे हलदीला मानूस नाय. कशानी? सुपारीनी! यापुढं सुपारी नको नि थाळी नको. जे देवीच्या मनान तेच गावाच्या मनान.” विकीनं शिट्टी मारली. लोक उठून उभे राहिले ते तेव्हा. तुम्ही हात जोडून सगळीकडे वळून वळून नमस्कार करत होतात. मी तुमच्याकडे यायला निघाले तर गर्दीत वाट मिळेना, आणि तोवर हर्षितनं तुमचा दंड धरला होता.

तुम्ही गेल्यावर ठराव झाला. सुपाऱ्यांची पद्धत कायमची बंद. दादांनंतर हर्षित. मी विचारलं, किती जणांच्या संमतीनं लिहू? कुणी रागावलंही नाही. दादा म्हणाले, “दमलीस बाय तू. दे इकडं.” वही हर्षितकडे गेली. पुढचं तो फोनवर ठेवणार आहे. यंदाचं आणि २००७चं, दोन्ही पानं मी आधीच शिवून ठेवली होती.

पुढच्या शिमग्यानंतर जोडी निवडली जाणार नाही, काका. कोपऱ्यात बसायला या म्हणून मी लिहू शकत नाही.

काल सुट्टीतल्या जादा तासाला इ. स. ४१चं सांगितलं. सम्राट मारला गेला आणि सिनेटला वाटलं, आता प्रजासत्ताक परत आणू. दोन दिवस भाषणं केली. बाहेर गर्दी ओरडत होती की आम्हाला एकच माणूस द्या. करिश्मा म्हणाली, “पण मॅडम, त्यांना आधीचं आठवत नव्हतं का?” मी हिशेब करून दाखवला. ज्यानं शेवटची खरी निवडणूक जाणत्या वयात पाहिली असेल तो तेव्हा शंभरीला आला असता. आमच्याकडे अठराच वर्षं झालीत, हे मी बोलले नाही.

बावीस घरांपैकी ज्यांनी तेव्हा सुपारी ठेवली त्यांतले तुमच्याखेरीज नऊ जण हयात आहेत. बैठक झाल्यावर मी त्या नवांच्या दारावरून गेले. एकच जण बोलले. म्हणाले, “मास्तर म्हातारा झाला, कायतरी घोल हाय. एवढी कुटं व्हती? मी तं दादाचेच थालीत ठेवलेली.” पानावर तसं नाही. मी हो म्हटलं आणि पुढे गेले.

रखमाबाई संध्याकाळी आली. या वेळी आत आली, खाली बसली. यंदाचं काही बोलली नाही. २००७ साली त्यांच्या घराची सुपारी ठेवायला तिचे यजमान, निशाचे आजोबा पोशाआजा, गेले होते. ते जाऊन नऊ वर्षं झाली.

“बावीसमदी आमचा घर व्हता का?”

मी म्हटलं, आजी, नावं सांगायची नसतात. तुमच्यावर आलं ते माझ्याच सांगण्यामुळे आलं.

“मना माजा नको सांगू. त्याचा सांग. मेल्या मानसाला कोन काय करनार हाय?”

मी होकारार्थी मान हलवली. मी रीत मोडली, काका, आणि हे तुम्हाला न सांगता राहवत नाही.

तिनं पदर तोंडाला लावला. रडली नाही. बाहेर विकीची पोरं क्रिकेट खेळत होती, चेंडू दोनदा आपल्या दाराला लागला. मग ती म्हणाली, “तो सांगत व्हता मना, मी दादाचे थालीत नाय ठेवली. मी बोलले, मास्तर तं सगल्यांची बोलतो, तूच खोटा बोलतंस. मरंस्तोवर त्याला खोटाच बोलले मी.”

तुमची
संचिता